कर्नल एवढा चिडतो कशाला?

प्रश्न : ‘अमेरिकन ब्यूटी’त (१९९९) समलिंगी शेजाऱ्यांवर जळफळणारा कर्नल शेवटी नायकाचंच चुंबन घेतो, मग त्याला गोळी घालतो. पटेना.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मला कर्नल पटतो, पटत नाही ती पटकथेची सोय. द्वेष्टा स्वतःच छुपा समलिंगी निघाला, की बाकी सभ्य वस्ती आपसूक निर्दोष सुटते. आमच्या गावभागातले काका ‘तसलं’ दिसलं की चॅनेल बदलतात, ते काही छुपे नाहीत. त्यांना चारचौघांचं भय पुरतं.

(सिनेमातल्या त्या गल्लीत सुखी जोडपं एकच, तेच समलिंगी शेजारी; दोघांचंही नाव जिम!)

त्यापेक्षा ‘फार फ्रॉम हेवन’ (२००२) बघा. १९५७ सालच्या कनेक्टिकटमधला नवरा ‘बरा’ व्हायला डॉक्टरकडे जातो. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असला इलाज २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवला. पोराला मिरजेला ‘दाखवायला’ नेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा.