वाचकांचे प्रश्न : मोअरच्या डेकचा पट्टा वारंवार का तुटतो?

प्रश्न : आम्ही ओहायो राज्यात राहतो. घराभोवतीची हिरवळ कापण्यासाठी आमच्याकडे ४२ इंची डेकचा (पाती झाकणाऱ्या पत्र्याच्या कवचाचा), दोन पात्यांचा रायडिंग, म्हणजे वर बसून चालवायचा, मोअर आहे. या उन्हाळ्यात डेकचा पट्टा दुसऱ्यांदा तुटला. पाती सुरू केली की डाव्या बाजूने कर्कश आवाज येतो आणि थोड्या वेळाने रबर जळाल्याचा वास येतो. दुरुस्तीच्या दुकानात पूर्ण डेकच बदलण्याचा सल्ला मिळाला. पुली आणि बेअरिंग घरी बदलता येतील का? बेअरिंग नेमकी कोणती घ्यावीत?

उत्तर : घरी निश्चित बदलता येतील. स्पिंडल, म्हणजे पाती ज्यांवर बसून फिरतात ते भाग, जेथे बसतात तेथे डेकचा पत्रा गंजून फाटला असेल किंवा त्याला तडे गेले असतील, तरच पूर्ण डेक बदलण्याचा विचार करावा. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तशी वेळ आलेली दिसत नाही. बेअरिंग आवळले की पुली फिरायला जड होते, पट्टा तिच्यावरून घसरत राहतो, घर्षणाने तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि शेवटी तो तुटतो. हे मूळ तसेच ठेवून कितीही चांगला पट्टा घातला तरी तो फार काळ टिकणार नाही.

काम सुरू करण्यापूर्वी किल्ली काढून घ्यावी आणि स्पार्क प्लगची वायर प्लगपासून दूर करावी; इंजिन दोन सिलिंडरांचे असेल तर दोन्ही वायरी काढाव्यात. मोअर एका कुशीवर कलता करून खालून काम करण्याचा मोह टाळावा, कारण पेट्रोल आणि ऑइल सांडते आणि यंत्र घसरण्याचा धोका राहतो. डेक सर्वांत खालच्या पातळीवर आणून, पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचे छायाचित्र घेऊन, मग पट्टा उतरवावा आणि पिना काढून डेक बाजूने बाहेर ओढावा.

पट्टा निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने सावकाश फिरवून पाहावी. चांगले बेअरिंग आवाज न करता, एकसारख्या गतीने फिरते. खराब बेअरिंग खरखरते, मध्येच अडते, किंवा आतले ग्रीस संपले असल्यास अगदी मोकळे, खडखडत फिरत राहते. त्यानंतर जाड हातमोजे घालून पात्याचे टोक धरावे आणि ते वरखाली हलवून पाहावे. टोकाशी स्पष्ट खेळ जाणवला तर त्या स्पिंडलची बेअरिंग गेली आहेत असे समजावे. हा खेळ दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमेरिकी सुरक्षा मानकानुसार पात्याच्या टोकाच्या वेगाची कमाल मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे आणि बहुतेक मोअर त्या मर्यादेच्या फार खाली चालत नाहीत. इतक्या वेगाने फिरणारे पाते सैल स्पिंडलवर असणे माणसासाठीही धोक्याचे आहे.

आयडलर, म्हणजे पट्ट्याला ताण देणारी पुली, बहुतेक वेळा आधी खराब होते. तिच्यातील बेअरिंग पत्र्यातच दाबून बसवलेले असते, त्यामुळे केवळ बेअरिंग काढण्याच्या खटपटीत न पडता पूर्ण आयडलर बदलणे शहाणपणाचे. नवा घेताना जुन्याचा बाहेरील व्यास, उंची आणि बोल्टच्या भोकाचा व्यास मोजून घ्यावा. आयडलर ज्या दांड्यावर बसतो त्याच्या बिजागरीचीही झीज पाहावी; दांडा तिरपा झाला असेल तर नवी पुलीसुद्धा पट्ट्याची एक कड खात राहील.

स्पिंडलच्या बेअरिंगबाबत मात्र निवड नीट करावी लागते. बेअरिंगच्या सीलवर किंवा कड्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि खरेदी त्या क्रमांकानेच करावी. या आकाराच्या डेकमध्ये ६२०३ हे बेअरिंग पुष्कळदा आढळते. त्याचे आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरील व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते, आणि ही मापे अमेरिकेत, पुण्यात किंवा कोल्हापुरात सारखीच राहतात. परंतु अमेरिकी यंत्रांत शाफ्ट, म्हणजे स्पिंडलचा मधला दांडा, अनेकदा इंचाच्या मापाचा, ५/८ इंची, म्हणजे १५.८७५ मिलिमीटरचा असतो. त्यासाठी बाहेरून ६२०३ सारखेच, पण आतून लहान भोकाचे बेअरिंग मिळते. नेहमीचे ६२०३ अशा शाफ्टवर घातले तर एक मिलिमीटरहून अधिक फट राहते. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने शाफ्ट मोजल्याशिवाय खरेदी करू नये. क्रमांकापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. धूळ आणि गवताच्या भुग्यात काम करणाऱ्या डेकसाठी पत्र्याच्या झाकणांपेक्षा ते चांगले.

बेअरिंग बसवताना हाऊसिंगमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या बाहेरच्या कवचात, दाबायचे असेल तर जोर फक्त बाहेरच्या कड्यावर, आणि शाफ्टवर चढवायचे असेल तर फक्त आतल्या कड्यावर द्यावा. चुकीच्या कड्यावर हातोडा मारला की तो आघात गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी अर्धे निकामी होते. बाहेरच्या कड्याच्या मापाचा सॉकेट लावून व्हाइसमध्ये दाबणे उत्तम. ॲल्युमिनियमचे हाऊसिंग हीट गनने बेताने तापवले आणि बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवले, तर ते पुष्कळ कमी जोराने बसते.

दोन बेअरिंगच्या मध्ये नळीच्या आकाराचा स्पेसर असतो, आणि घरगुती दुरुस्तीत जुन्या ग्रीसबरोबर तोच बहुधा कचऱ्यात जातो. नट आवळल्यावर आतली दोन्ही कडी या स्पेसरवर टेकतात. तो नसेल तर ती एकमेकांकडे ओढली जातात, गोळ्यांवर आडवा भार येतो आणि बेअरिंग लवकरच आवळते. स्पेसर दिसला की तो बाजूला स्वच्छ पुसून ठेवावा.

जुने बेअरिंग हाऊसिंगमधून बोटांनीच निघून आले तर त्याचे बाहेरचे कडे आत फिरत होते आणि भोक झिजले आहे असा त्याचा अर्थ होतो. चिकटवणारे द्रव लावून तात्पुरते भागवता येते, पण पात्याच्या बाबतीत मी तसे सुचवणार नाही. अशा वेळी हाऊसिंगसह पूर्ण स्पिंडल घ्यावा. काही नव्या हाऊसिंगच्या भोकांत आटे नसतात, स्क्रूच ते पाडतो, म्हणून पहिले काही वेढे हाताने आणि अगदी सरळ द्यावेत.

पुलीची झीज खाचेत पाहावी. पट्टा खाचेच्या दोन्ही उतारांवर पकड घेतो. तो तळाला टेकत असेल आणि तळ घासून चकाकत असेल, तर पुली बदलावी. सर्व जोडल्यावर पुलींच्या कडांवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत ना हे पाहावे. पात्याचा बोल्ट यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावा.

प्रश्न : याच डेकवर पाण्याची नळी जोडून आतून धुण्याची सोय आहे. ती वापरल्याने बेअरिंग खराब होतात का?

उत्तर : पाणी सीलमधून शिरण्याची शक्यता राहते, आणि प्रेशर वॉशरचा झोत थेट स्पिंडलवर मारणे तर टाळावेच. गवत कोरडे असताना कापावे आणि डेक थंड झाल्यावर आतला थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, हे बेअरिंगसाठी अधिक सुरक्षित. धुतलेच तर नंतर पाती दोन-तीन मिनिटे फिरवून पाणी उडवून द्यावे. स्पिंडलला ग्रीस भरण्याचे निपल असेल, पण बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद असतील, तर बाहेरून भरलेले ग्रीस गोळ्यांपर्यंत पोहोचत नाही; निपल उपयोगात आणायचे असल्यास बेअरिंगचे फक्त आतल्या बाजूचे सील काढून ते बसवावे लागते.