डाउट नको, अडलेली ओळ दाखव

प्रिय 'अडलेली', इंदूर,

तू लिहितेस की दहावीपर्यंत गणित बरं चाललं होतं, अकरावीत असमानता आल्या आणि गाडी घसरली. भंवरकुआंच्या क्लासमधले सर म्हणतात, "डाउट पूछो." विचारलं की सगळ्यांसमोर, "पूरा चैप्टर ही डाउट है क्या?" तेव्हापासून तू तोंड उघडत नाहीस, आणि आई म्हणते, गणित सोड, बायो घे.

भर बॅचमध्ये असं बोलणं सरांचं चुकलंच. पण "सर, समझ नहीं आया" एवढ्यावरून गाठ कुठे बसलीय हे त्यांना तरी कसं कळणार? मग ते अख्खं गणित पहिल्यापासून फळ्यावर करतात, तू मान डोलावतेस आणि घरी पुन्हा तिथेच अडतेस.

तू पाठवलेलंच गणित घे: (क्ष + १)/(क्ष − ३) > २. तू दोन्ही बाजूंना (क्ष − ३) ने गुणलंस आणि उत्तर काढलंस क्ष < ७. पुस्तक म्हणतं ३ < क्ष < ७. आता क्ष = ० घालून बघ. शून्य तुझ्या उत्तरात बसतो, पण डावी बाजू येते −१/३, ती कुठली दोनापेक्षा मोठी! घोळ गुणाकाराच्या ओळीत आहे. क्ष तिनापेक्षा लहान असला की (क्ष − ३) ऋण, आणि ऋण संख्येनं गुणलं की असमानतेचं चिन्ह उलटतं. समीकरणात चिन्ह उलटायची भानगड नसते, म्हणून दहावीची सवय इथे दगा देते. त्यापेक्षा २ डावीकडे आणून एकच अपूर्णांक कर: (७ − क्ष)/(क्ष − ३) > ०. अंश आणि छेद एकाच चिन्हाचे असतात ते फक्त ३ आणि ७ च्या मध्ये.

सरांकडे जाताना एका पानावर पूर्ण प्रश्न, तुझ्या पायऱ्या (चुकलेल्यासुद्धा, खोडू नकोस), अडलेल्या ओळीला गोल आणि पुस्तकातलं उत्तर एवढं ने. मग विचार, "सर, यहाँ गुणा किया, ज़ीरो रखा तो गलत आ रहा है, क्यों?" याला सरांना दोन मिनिटं पुरतात. एका वेळी दोनच गणितं. पुढच्या बॅचला निघालेल्या सरांना जिन्यात गाठू नकोस, आदल्या दिवशीच वेळ माग. ते पूर्ण सोडवायला लागले तर खुशाल म्हण, "सर, बस हिंट दीजिए."

त्याच संध्याकाळी वही मिटून तेच गणित पुन्हा कर. मग २ च्या जागी −१ घाल. उत्तर दोन तुकड्यांत यायला हवं: क्ष < १ किंवा क्ष > ३. एकच तुकडा आला, तर तू पुन्हा गुणलंयस.

हे वाचणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी एवढंच करावं: खडू उचलण्याआधी "कहाँ तक आया?" विचारावं आणि मुलीची वही बघावी.

आईचं म्हणशील, तर विषय बदलायची शेवटची तारीख उद्याच शाळेत विचारून घे. तोवर हे पान घेऊन सरांकडे चार-पाचदा जाऊन ये, मग दोघी बसून ठरवा.