मोठ्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल करून तैलरंगात व्यक्तिचित्र शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय की तैलरंग नुकतेच हातात घेतलेत, क्लास लावणं जमण्यासारखं नाही, तर एखाद्या मोठ्या चित्रकाराची नक्कल करून व्यक्तिचित्र शिकता येईल का, आणि कुठलं चित्र घ्यावं.

येईल. मी तशीच शिकले. चित्र मात्र रेम्ब्रांटचं घ्या, त्याने १६२८च्या सुमारास, ऐन बाविशीत केलेलं स्वतःचं छोटं चित्र. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि संग्रहालयाच्या साइटवरून त्याचा मोठा फोटो फुकट उतरवता येतो. आकार जेमतेम २२.६ × १८.७ सेंटीमीटर, शाळेच्या वहीएवढा, म्हणून मूळ मापातच करा. उजेड डावीकडून, किंचित मागून येतो. गाल, मान, कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा तेवढा उजळलाय. डोळे सावलीत बुडालेत. नाकडोळे हुबेहूब काढायची धास्तीच उरत नाही, सगळं लक्ष छायाप्रकाशावर राहतं.

माझी पहिली नक्कल फसली. चौकटी आखून पेन्सिलने रेघन् रेघ उतरवली, मग शून्य नंबरच्या ब्रशने एकेक केस रंगवला. डोक्यावर टोप चढवल्यासारखं दिसायला लागलं. नंतर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कळलं, उजेडातल्या बटा रंगवलेल्याच नाहीत! गडद रंग ओला असताना ब्रशच्या दांड्याने त्यात ओरखडे काढलेत आणि खालचा फिका थर वर आणलाय.

हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये रेम्ब्रांटचं मानलं गेलेलं एक स्वचित्र आहे, गळ्याशी चिलखताची पट्टी असलेलं. १९९०च्या दशकाअखेर इन्फ्रारेड तपासणीत रंगाखाली काळजीपूर्वक उतरवलेलं रेखाटन सापडलं. रेम्ब्रांट असं आधी रेखाटत नसे, म्हणून ती नक्कल ठरली; मूळ चित्र न्यूरेम्बर्गला आहे. तुम्हीही बाह्यरेषेच्या मागे लागू नका. रेम्ब्रांटने आधी काय केलं, नंतर काय, कुठे रंग पातळ ठेवला, कुठे जाड, तो क्रम उचला.

रंग थोडेच लागतात: रॉ अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट, गालाला कणभर लाल. अस्तर (रंगाखालचा पांढरा लेप) दिलेल्या फळीवर फिका तपकिरी थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर ओरखड्याबरोबर तोही निघून पांढरं अस्तर उघडं पडतं. मग सावल्या पातळ, उजेड जाड. केसांचा गडद रंग आणि ओरखडे एकाच बैठकीत उरका, कारण अंबर लवकर वाळतो.

रंगाची जाडी फोटोत कळत नाही, म्हणून एकदा तरी खरं तैलचित्र बाजूने, तिरक्या उजेडात बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. गोव्याकडे जाणार असाल तर गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची कामं शोधून बघाच. त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आहे.

हेच चित्र निदान दोनदा करा. मागच्या बाजूला ‘रेम्ब्रांटवरून’ असं लिहून सही आणि तारीख घाला. मग तसाच दिवा डावीकडे, जरा मागे ठेवून आरशासमोर बसा आणि त्याच सहा रंगांत स्वतःचा चेहरा रंगवा.