फ्लेक्सवरचं अभिवादन

प्रश्न आहे चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर भागात फ्लेक्स छापणाऱ्या एका तरुणाचा. "१६ ऑगस्टसाठी गिऱ्हाईक 'हुतात्मा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' छापून मागते. मी 'श्रद्धांजली' म्हटलं, तर एक गुरुजी म्हणून राहिले की श्रद्धांजली नुकत्याच गेलेल्या माणसाला, इतक्या वर्षांनी 'आदरांजली' लिहावं. दुसरा म्हणते 'विनम्र अभिवादन' टाक, ते कुठंही चालते. बरोबर काय?"

शुभेच्छा नाही. एका शब्दात विषय संपला. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. त्या दिवशी 'चले जाव'च्या चळवळीत चिमूरला पोलिसांची गोळी चालली आणि बालाजी रायपूरकर हा पोरगा पडला. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही लोक गोळीला बळी पडले. ज्या दिवशी गावाने आपला पोरगा उचलून आणला, त्या दिवसाच्या शुभेच्छा गावाला कोणी देत नाही. सहा डिसेंबरला, वीस डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, सगळीकडे हाच 'हार्दिक शुभेच्छा'चा ठसा मारलेला दिसतो. जयंतीला खुशाल लिहा. पुण्यतिथीला लिहाल तर वाचणाऱ्याने नेमका कशाचा आनंद मानायचा, तेही खाली छापा.

गुरुजींची आदरांजली. हा नियम कुठल्या व्याकरणात आहे, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलावर कोणीतरी सोयीसाठी पाडलेली वाटणी आहे ही, आणि सगळे ती वेदवाक्य म्हणून पुढे सांगतात. अंजली म्हणजे ओंजळ, दोन्ही शब्द एकाच घरचे. ओंजळीत श्रद्धा आहे की आदर, हे धरणाऱ्याने ठरवायचं. मृत्यूला किती वर्षं झाली याचा तिथे काय संबंध? गुरुजींना एकदा गुरुकुंज मोझरीला न्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोटला, तरी पुण्यतिथी महोत्सवात तिथे दरवर्षी 'मौन श्रद्धांजली' होते, ठीक ४ वाजून ५८ मिनिटांनी. लाखभर माणूस जिथल्या तिथे उभा राहतो, रस्त्यावरची वाहनंसुद्धा थांबतात. त्या गर्दीत शिरून 'अहो, आता आदरांजली म्हणा' असं सांगायची ज्याची हिंमत असेल, त्याने सांगावं. चूक शोधायचीच असेल तर क्रियापदात शोधा. आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'श्रद्धांजली दिली' सर्रास ऐकू येतं. मराठीत ती वाहतात किंवा अर्पण करतात.

आता 'अभिवादन'. खरं तर मला बोलायचं आहे ते याच शब्दाबद्दल.

याच्या पोटात 'वद्' म्हणजे बोलणे हा धातू आहे, तोही प्रयोजक रूपात. 'अभिवादये' म्हणणारा नुसता वाकत नाही. तो समोरच्या वडीलधाऱ्याला बोलायला लावतो, त्याच्याकडून आशीर्वाद वदवून घेतो. आणि त्यासाठी आधी स्वतःचं नाव सांगतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात हे पक्कं बांधलेलं आहे: 'असौ नामाहमस्मीति स्वं नाम परिकीर्तयेत्', म्हणजे 'मी अमुक नावाचा' असं म्हणून आपलं नाव उच्चारावं. नाव सांगितल्याशिवाय अभिवादन पुरं होत नाही.

माझा पक्का समज असा, की आपल्या फ्लेक्सवाल्यांना हा श्लोक रक्तातूनच ठाऊक असावा. हुतात्म्याचा फोटो कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. खाली 'अभिवादक' म्हणून गॉगल घातलेले, मोबाइल कानाला लावलेले, पांढऱ्या कपड्यांतले वीस-बावीस चेहरे, प्रत्येकाच्या खाली नाव आणि पद, आणि मधोमध भाऊंचा कमरेपर्यंतचा मोठा फोटो. लोक याला हसतात, मीही हसतो. पण शब्दाच्या मूळ अर्थाला यांच्याइतकं धरून महाराष्ट्रात दुसरं कोणीही चालत नाही. स्वं नाम परिकीर्तयेत्! खटकतं ते फक्त 'विनम्र'. अभिवादनात वाकणं आलंच, वर आणखी विनम्र कशाला? आणि छापायचंच असेल तर भाऊंनी फोटोत छाती तरी एवढी फुगवू नये.

पण ही झाली गंमत. खरी गोष्ट आशीर्वादात आहे. अभिवादनाला जे उत्तर मिळतं ते प्रत्यभिवादन, आणि त्यावर पाणिनीचं सूत्र आहे: 'प्रत्यभिवादेऽशूद्रे'. उत्तर देताना समोरच्याच्या नावाचा शेवटचा स्वर प्लुत करायचा, म्हणजे तीन मात्रा ओढायचा, शूद्र सोडून. टीकाकारांनी उदाहरणंही दिली आहेत. देवदत्त वाकला तर 'आयुष्मान् एधि देवदत्त३', तो तीनचा आकडा म्हणजे ओढलेला अ. तुषजक वाकला तर 'आयुष्मान् एधि तुषजक', आणि बस. आशीर्वाद दोघांनाही दीर्घायुष्याचाच, पण एकाचं नाव प्रेमाने लांबवायचं आणि दुसऱ्याचं खटकन तोडायचं. आणि नाव तरी कसं निवडलं पाहा: तुषजक, नावातच तूस, म्हणजे धानाचं टरफल! धान कांडणाऱ्या आपल्या चंद्रपूर-भंडाऱ्याकडे तुसाची किंमत काय, ते वेगळं सांगायला नको. मनूने पुढे हेही म्हणून ठेवलं आहे, की ज्या ब्राह्मणाला प्रत्यभिवादन करता येत नाही त्याला अभिवादन करू नये, तो शूद्रासारखाच. जात नुसती विहिरीवर आणि देवळात नव्हती, ती स्वराच्या लांबीत मोजून ठेवलेली होती. हे सूत्र मला जेवढं आवडतं तेवढाच त्याचा राग येतो.

काही संस्कृतवाले इथून असं काढतात की मृताला अभिवादन होऊच शकत नाही, कारण उलट आशीर्वाद देणार कोण? हा कोशातला कीस आहे. आपण झेंड्याला अभिवादन करतो, झेंडा काय 'आयुष्मान् भव' म्हणतो? मराठीने या शब्दातलं गोत्र टाकलं, प्लुत टाकला, उत्तराची अपेक्षाही टाकली. उरलं ते आदराने झुकणं. ज्या मनुस्मृतीत अभिवादनाचे नियम आहेत ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सत्याग्रहात जाळली गेली. आज त्याच दिवशी गावोगावच्या फलकांवर 'बाबासाहेबांना विनम्र अभिवादन' असतं. कोणाला यात विसंगती दिसते. मला तर शब्द जिंकून आणलेला दिसतो.

भेटल्यावर काय म्हणायचं हा आपल्याकडे साधा प्रश्न कधी नव्हताच. १७७९ मध्ये मुंबईत सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये असा सरकारी हुकूम निघाला होता, कारण नमस्कार वरच्यांचा. बाकीच्यांनी रामराम म्हणावं, आणि महारांनी दुरून 'जोहार मायबाप'. चोखोबांचा अभंगच आहे, 'जोहार मायबाप जोहार'. या जोहाराचं मूळ काही जण 'योद्धार'मध्ये शोधतात, म्हणजे लढवय्यांची सलामी. ऐकायला छान, पण ध्वनीची वाट मला 'जयकारा'कडून आल्यासारखी वाटते. गंमत त्याच्या पुढच्या प्रवासात आहे. बाबासाहेबांच्या चळवळीने जोहार टाकला, तो लाचारीचा झाला होता म्हणून. तोच जोहार गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंडांकडे ताठ मानेने उभा आहे. इंग्रजांविरुद्ध उठले म्हणून २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, ज्यांना फाशी दिलं त्या बाबुराव शेडमाकेंच्या स्मृतिदिनी 'सेवा जोहार' म्हणतात, तेव्हा त्यात मायबाप कोणी नसतो. एकच शब्द; एका वस्तीने फेकला, दुसरीने मिरवला, आणि दोघांचंही बरोबर.

टाकलेल्या जोहाराची जागा घेतली ती 'जय भीम'ने, आणि तो आपल्याच भागातला. नागपूरजवळच्या कामठीचे, बाबासाहेबांच्या चळवळीतले बाबू हरदास एल. एन. यांनी तो रूढ केला. सांगतात, की त्यांनी आधी मुसलमानांच्या सलामाचा नमुना पाहून जोडी ठरवली होती: एकाने 'जय भीम' म्हणावं, दुसऱ्याने 'बल भीम'. पुढे 'बल भीम' मागे पडलं आणि दोन्हीकडून 'जय भीम'च राहिलं. पाणिनीच्या सूत्राशेजारी हे ठेवून बघा. तिकडे उत्तर द्यायला आधी समोरच्याचा वर्ण माहीत हवा. इकडे मास्तर असो, मजूर असो, जे म्हटलं तेच परत येतं, तेवढ्याच मात्रांनी. जातीच्या अंगाने प्रत्यभिवादनाचा प्रश्न इतक्या कमी अक्षरांत कोणी सोडवल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही. हरदासांना आयुष्य थोडं लाभलं, १९०४ ते १९३९. त्यांच्या नावाचा फ्लेक्स कामठीच्या बाहेर किती वेळा छापला जातो, हे तुमच्या धंद्यातल्या लोकांनाच विचारायला हवं.

हो, तुमचा प्रश्न. 'चिमूरच्या हुतात्म्यांना अभिवादन' छापा. श्रद्धांजलीही चालेल, गुरुजींना माझं नाव सांगा. मजकूर लावताना 'हुतात्मांना' नव्हे, 'हुतात्म्यांना'. आत्मा, आत्म्याला, तसंच हे. 'स्मृतिदिन' लिहिलात तर समासातला ति पहिला, ऱ्हस्व. आणि 'अभिवादक' म्हणून जी नावं येतील ती एका ओळीत बसवा, फोटो न घेता.