सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि रुग्णवाहिकेतील नोकरी

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून 62 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला रुग्णवाहिकेवर काम करायचे आहे. शहरातील एक खासगी संस्था ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन’चा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम 45 हजार रुपयांत देते आणि 108 मध्ये हमखास नोकरी लागेल, असे सांगते. मुलीने मोबाइलवर वाचले की, अमेरिकेत हेच प्रशिक्षण पन्नास-साठ तासांत होते. मग इकडे सहा महिने आणि एवढी फी कशासाठी? शिवाय हे काम मुलीला झेपेल का?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. फी भरण्याआधी विचारलेत, हे बरे केलेत.

आधी ‘हमखास नोकरी’विषयी. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात 937 रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी 233 प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या आणि 704 मूलभूत प्रणालीच्या. अन्य अनेक राज्यांत रुग्णाजवळ टेक्निशियन बसतो. आपल्या राज्याने मात्र आरंभापासून तेथे डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारली आणि हे डॉक्टर बहुतांशी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर त्या जागेची हमी कोणी देत असेल, तर ती हमी संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागावी. बहुधा तेथेच बोलणे थांबेल.

आता पन्नास-साठ तासांचा हिशेब. आपल्या कन्येने वाचले ते खोटे नाही, परंतु ते वेगळ्या पायरीचे आहे. अमेरिकेत या क्षेत्रात चार पायऱ्या मानतात : इमर्जन्सी मेडिकल रिस्पॉन्डर, इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ॲडव्हान्स्ड टेक्निशियन आणि पॅरामेडिक. तेथील 2009 च्या राष्ट्रीय शिक्षण-निकषांत पहिल्या पायरीसाठी सुमारे 48 ते 60 तास आणि दुसरीसाठी सुमारे 150 ते 190 तास धरले होते. रिस्पॉन्डर म्हणजे रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला जिवंत ठेवणारा पहिला प्रशिक्षित माणूस. अग्निशमन दलातील जवान, पोलीस, कारखान्यातील सुरक्षारक्षक असे लोक आपली मूळ नोकरी सांभाळून हे शिक्षण घेतात. तेवढ्यावर स्वतंत्र उपजीविका क्वचितच होते. शिवाय तेथील राष्ट्रीय नोंदणी दर दोन वर्षांनी, नवे प्रशिक्षण दाखवून, नूतनीकृत करावी लागते.

या पायरीवर शिकवतात ते मोजके असते, पण हाताला पक्के बसावे लागते : घटनास्थळ सुरक्षित आहे का ते पाहणे, वाहते रक्त दाबून थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, ऐनवेळच्या प्रसूतीला हातभार लावणे. प्रात्यक्षिकात डमीच्या छातीवर मिनिटाला 100 ते 120 या गतीने, किमान पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावे लागतात. तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. दुसऱ्याच मिनिटाला दंड भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतात. परीक्षक नेमके तेच टिपत असतो. हे व्हिडिओ पाहून येत नाही.

आपल्याकडे टेक्निशियनच्या शिक्षणाचे दोन मार्ग दिसतात. एक कौशल्य विकासाचा : हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ‘बेसिक’ आणि ‘ॲडव्हान्स्ड’ अशा दोन स्तरांचे निकष ठरवले आहेत. दुसरा पदविका-पदवीचा, आणि भवितव्याच्या दृष्टीने मला तो अधिक भरवशाचा वाटतो. 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट (पॅरामेडिक)’ या व्यवसायाचा समावेश आहे, आणि सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान 2000 तासांचे शिक्षण त्या कायद्याने आवश्यक केले आहे. रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस धरले तरी सहा महिन्यांचे 600 तासच होतात. म्हणजे मुलीला अमेरिकेच्या तुलनेत लांब वाटणारा हा अभ्यासक्रम आपल्या कायद्याच्या मापाने बराच तोकडा पडतो.

याचा अर्थ ती संस्था फसवीच आहे, असा नाही. मात्र तेथे जाऊन प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असेल, परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो की संस्थाच, आणि कॅज्युअल्टीत व रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळते, हे विचारावे. मागच्या तुकडीतील विद्यार्थ्याची लॉगबुक पाहायला मागा. तिच्यात रुग्णाची तक्रार, तपासलेली नाडी व रक्तदाब, केलेली मदत आणि ड्युटीवरील डॉक्टरची सही अशा नोंदी असायला हव्यात. पाने कोरी असतील किंवा सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच दिवशी झाल्यासारख्या दिसत असतील, तर सरळ उठून यावे.

माझा सल्ला असा की, मोठी रक्कम गुंतवण्यापूर्वी मुलीने मूलभूत जीवरक्षणाचा, म्हणजे बीएलएसचा, छोटा वर्ग किंवा रेड क्रॉस अथवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा वर्ग करावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस कार्ड दोन वर्षे चालते. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र तर आपल्यासारख्या कारखान्यातील कामगारांच्याही उपयोगाचे आहे. दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी व्यक्ती प्रमाणपत्रधारक, ही अट 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 45 व्या कलमानेच घातली होती. रक्त पाहून आणि नातेवाइकांचा आक्रोश ऐकून मुलीचे मन स्थिर राहते का, हे मात्र कॅज्युअल्टीत उभे राहिल्यावरच कळेल. ते जमले, तर मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवीचा विचार करावा, मग त्यासाठी पुण्याला जावे लागले तरी. कामाची वाण पडणार नाही : पुणे-हैदराबाद महामार्ग शहरातून जातो, आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी लोटतात, आणि खासगी रुग्णालयांच्या अपघात विभागांना प्रशिक्षित हात लागतातच. सोलापूरच्या मुलीला मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलता येत असेल, तर घाबरलेल्या रुग्णाकडून माहिती काढून घेताना त्याचा मोठा उपयोग होतो.

झेपण्याविषयी म्हणाल, तर स्ट्रेचर उचलणे हे तंत्राचे काम आहे. पाठ सरळ, गुडघ्यांतून जोर, आणि दोघांनी एका आवाजावर उचलायचे. मुली ते व्यवस्थित करतात. रात्रपाळी मात्र अटळ आहे, त्याची घरात आजच मोकळेपणाने चर्चा व्हावी.

फीबाबत शेवटचे. निवडलेला अभ्यासक्रम आणि संस्था महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीच्या यादीत सापडते का, ते प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू कार्यालयात आताच अर्ज द्यावा. प्रवेशाच्या दिवसांत तेथे फार गर्दी असते.