खेळाडूची खोडी कशी काढावी?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र मोबाइलसाठी उड्या मारत पुढे जाण्याचा एक छोटा गेम बनवतोय. खेळणाऱ्याला मुद्दाम चिडवायचं, पण त्यानं हसत पुन्हा खेळायला यावं. सगळंच अवघड केलं, तर लोक पाच मिनिटांत कंटाळले. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : खोडी माणूस बघून काढावी लागते. रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेमकारांनी १९९६ साली खेळाडूंचे चार स्वभाव मांडले : कमाई करणारे, धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. ज्याला जे हवं, ते हाताशी आणून जरा लांब ठेवा.

कमाई करणाऱ्याला अपुरेपणा खुपतो. १०० नाण्यांपैकी ९९ वाटेवर ठेवा आणि शंभरावं अगदी सुरुवातीला, डाव्या कडेला, कारण सवयीनं सगळे उजवीकडे पळतात. मात्र त्याची कड पडद्यावर दिसलीच पाहिजे. पूर्ण लपवलंत, तर ते सापडल्यावर हसू येत नाही, फसवल्यासारखं वाटतं.

धुंडाळणाऱ्याची सर्वांत सुंदर खोडी निंटेंडो या जपानी गेम कंपनीनं झेल्डा या गेममालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) काढली आहे. त्यात कोरोक नावाच्या चिमुकल्या वनजीवांकडून मिळणाऱ्या ९०० बिया लपवल्या आहेत. शस्त्रं, धनुष्यं आणि ढाली ठेवायची जागा पुरती वाढवायला ४४१ बिया पुरतात. तरीही कोणी सगळ्या ९०० गोळा केल्याच, तर बक्षीस काय? विष्ठेच्या आकाराचा एक सोनेरी गोळा! ही खोडी पचते, कारण उपयोगाचं सगळं आधीच पदरात पडलेलं असतं. पुढची धावपळ खेळाडूनं आपल्या हौसेनं केलेली असते. तुमच्या गेममध्येही खरा लाभ निम्म्या वाटेवर देऊन टाका, चेष्टा त्यानंतर.

गप्पिष्टाचे संदेश अडवू नका. बोलायचं असेल तर पात्राला हातातली वस्तू खाली ठेवावी लागेल, एवढा नियम पुरे. कुरघोडी करणाऱ्याला समोरच्याचा त्रागा हवा असतो. म्हणून हरलेल्याचं पात्र बाजूला उभं राहून जिंकणाऱ्यासाठीच टाळ्या वाजवू दे.

प्रश्न : सापळ्यात दोनदा सापडलं की लोक गेम काढूनच टाकतात. सापळे कमी करावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सापळे राहू द्या, आधी घड्याळ लावून बघा. मेल्यापासून पुन्हा पळायला लागेपर्यंत एका सेकंदाहून जास्त वेळ जात असेल, तर राग सापळ्याचा नसून थांबण्याचा आहे. मध्ये जाहिरात तर अजिबात नको.

'आय वॉना बी द गाय' (२००७) या गेममध्ये झाडाची फळं खाली पडतात, तशी वरही 'पडतात'. पण फळ तेच, जागा तीच. त्यामुळे दुसऱ्या खेपेला खेळाडू शहाणा झालेला असतो. सापळ्याची जागा दर वेळी बदललीत, तर शिकण्यासारखं काही उरत नाही.

आणि बटणाशी कधीही खेळू नका. कडेवरून पाय सुटल्यावरही सहा फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारं एकेक चित्र), म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ०.१ सेकंद, उडी लागू द्या. बोट वेळेवर दाबूनही पात्र पडलं, की खेळाडू खोडी विसरतो आणि गेमच बिघडलाय असं धरून चालतो.

प्रश्न : ज्यांना सगळं झटपट संपवायचं असतं, त्यांना काय खुपेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : वाट बघणं. 'द स्टॅन्ली पॅरेबल'मध्ये (२०१३) पाच वर्षं गेम न खेळण्याबद्दल एक पदक आहे. तुम्ही एक आठवडा ठेवा. मात्र वेळ सर्व्हरवरून घ्या; फोनची तारीख पुढे सरकवून पदक लाटणारे पहिल्याच दिवशी निघतील.