दुर्लक्ष करण्याआधी तो का किंचाळतोय ते शोधा

ताई, तुमचा ऑटिझम असलेला चार वर्षांचा मुलगा संध्याकाळी किंचाळतो, थेरपी सेंटरवाले म्हणतात 'दुर्लक्ष करा, आधी वाढेल मग कमी होईल', आणि आता तो हात चावायला लागलाय, हे वाचून पोटात कालवलं. आमचंही अगदी असंच झालं होतं.

मी थेरपिस्ट नाही, आई आहे. आधी कान, दात, पोट डॉक्टरांना दाखवून घ्या. दुखत असलं तरी मूल असंच वागतं.

दुर्लक्ष केल्यावर वागणं आधी उसळतं हे खरंच आहे. पण मूल लक्ष वेधायला ते करत असेल तरच दुर्लक्षाचा उपयोग. आमच्या सेंटरने कारण शोधलंच नाही. पालकांना आत घेत नसत, महिन्याला प्रगतीची फाइल हातात द्यायचे, त्यात सगळीकडे नव्वद टक्के. मी तीन आठवडे ओट्याशी पाठमोरी उभी राहिले आणि मागे माझा मुलगा मनगट चावत होता. वाढतंय म्हणजे सांगितल्याप्रमाणेच चाललंय, असं मी समजत होते. तो वण अजून आहे.

पुढे दुसऱ्या थेरपिस्टनी एकच काम दिलं. शंभर पानी वही, तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. पाच दिवसांत अकरा नोंदी, त्यातल्या नऊ कुकर चढवल्यानंतरच्या. मुलुंडचं आमचं वन रूम किचन, शिट्टीपासून पळणार कुठे? त्याला माझं लक्ष नको होतं, तिथून सुटायचं होतं.

मग किंचाळून जे मिळवायचं ते मागायला शिकवलं. फ्रिजवर गॅलरीच्या दाराचा फोटो लावला. शिट्टी व्हायच्या आत त्याच्या हाताला आधार देऊन तो फोटो माझ्या हातात द्यायला लावायचा आणि लगेच गॅलरीत न्यायचं. पुढे नुसता कोपराला स्पर्श, मग तोही नाही. हा आधार वेळेवर काढला नाही तर मूल त्याचीच वाट बघत बसतं. विसाव्या दिवशी मी झाकणाला रिंग लावत होते, तर तो आपणहून फोटो घेऊन आला.

'आठवड्याला ४० तास थेरपी नाही तर फायदा नाही' असं घाबरवतील. तो आकडा ऑटिझमच्या मुलांना वागणं शिकवण्याची थेरपी रुजवणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातला. त्यात मुलांवर ओरडणं, मांडीवर चापट मारणंही होतं. माझं मत कडक आहे: पालकांना आत बसू न देणारं आणि मुलाचं नुसतं हात हलवणंही बंद करू बघणारं सेंटर सोडा. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एक आणखी, अपंगत्व प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि निरामय या सरकारी आरोग्य विम्यात १ लाखापर्यंत खर्च मिळतो.

वही आजच सुरू करा. किंचाळण्याआधी मिक्सर, टीव्ही, दारावरची बेल, काय काय चालू होतं ते वेळेसकट लिहा. हात चावतोय तोवर मात्र पाठ फिरवू नका, जवळ बसा.